वहिनीचा भाऊ आणि नावांच्या चिठ्ठ्या

माझ्या नावापुढे आज बी. ए. ही अक्षरे लागतात ती कोणामुळे, असे कुणी विचारले तर मी आईवडिलांच्याही आधी वहिनीच्या भावाचे नाव घेतो. ऐकणारा क्षणभर माझ्याकडे बघत राहतो. भावाच्या साळ्याचे उपकार मानणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्मला नसावा. पण साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात त्याच्याइतका हट्टी, त्याच्याइतका बिनकामाचा आणि त्याच्याइतका उपयोगी पडलेला माणूस दुसरा झाला नाही, असे माझे ठाम मत आहे. यातली पहिली दोन विशेषणे आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची आहेत, तिसरे माझे.

तो आमच्या घरी आला तोच मुळी चुकीच्या कामावर. आमच्याकडे नवी नवरी सासरी येते तेव्हा तिला करमावे म्हणून माहेरची एखादी मुलगी पाठराखीण म्हणून सोबत येते आणि चार दिवस राहून परत जाते. वहिनीच्या घरात त्या वर्षी धाडण्याजोगी मुलगी नव्हती, म्हणून अकरा वर्षांचा भाऊ धाडला. वहिनीचे माहेर बेज्जूरकडचे, प्राणहितेच्या बाजूचे, आणि आमचे गाव भीमपूरच्या पुढे पैनगंगेच्या काठावर, म्हणजे जुन्या जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. त्याला न्यायला येणाऱ्या माणसाची आधी पेरणी निघाली, मग कापूस निघाला, मग त्याला ताप आला, आणि पाहता पाहता पाठराखा आमच्याच घरचा झाला. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. घरजावई ऐकला होता, घरसाळा आता पाह्यला, असे दादाचे मित्र म्हणत. गाव मात्र त्याला शेवटपर्यंत पाठराखाच म्हणत राहिले, त्याला दाढीमिशा फुटल्या तरी.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने चुलीतला कोळसा घेऊन ओसरीच्या भिंतीवर सगळे लग्न काढले. लग्नासाठीच ताजा चुना दिलेली भिंत ती. त्यात घसरणाऱ्या मुंडावळ्या सावरणारा दादा होता, बुंदीच्या टोपल्यावर नजर ठेवून बसलेले दोन पंच होते, मांडवाच्या खांबाला टेकून तोंड उघडे टाकून झोपलेले आबा होते. आबांनी स्वतःला ओळखले आणि ते चुन्याची बादली आणायला निघाले. पण तोवर शेजारची सुमनबाई येऊन स्वतःला शोधून गेली होती आणि संध्याकाळपर्यंत ओसरीत अर्धे गाव उभे राहिले. जे भिंतीवर सापडले ते दुसऱ्यांना बोलवायला गेले, जे सापडले नाहीत ते रुसले. आबांना बादली घेऊन भिंतीपाशी पोचताच आले नाही. रात्री जेवताना ते एवढेच म्हणाले, "हे पोरगं एक दिवस आपल्याले इकून येईन अन् आपल्याले कळणार नाई."

आबांची काळजी वाया गेली. त्याने आयुष्यात काहीही विकले नाही. बाजारातून तुरीची डाळ आणायला धाडावा तर तो तांबड्या मातीचे ढेकूळ घेऊन येई आणि अशी माती परत दिसणार नाही असे सांगे. पळसाची फुले, गेरू, कपड्याची नीळ, हळद, हे सगळे त्याच्या खिशात एकत्र नांदत असल्यामुळे वहिनीने धुतलेल्या कपड्यांत घरातल्या सगळ्यांचे सदरे एकाच रंगाचे होत. रस्त्यात कुणाचा चेहरा आवडला की तो त्या माणसाला थांबवी. एकदा त्याने न्हाव्याला वस्तरा वर धरून तसेच उभे राहायला लावले, अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक शिव्या देत होते आणि हा अगदी नम्रपणे सांगत होता, "काका, तुमचं काम नाई, मले हात पाहिजे फक्त." पोळ्याला गावातले बैल त्याच्याकडे येत. इतर गावांत बैलांच्या अंगावर ठसे आणि नट्यांची नावे असत. हा प्रत्येक बैलाच्या अंगावर त्या बैलाचीच हकिगत काढी. म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर त्याने एकदा त्याच्या वाट्याला आलेली पाची मालकांची तोंडे काढली. आताच्या मालकाला ते आवडले नाही. चार मालकांची तोंडे पुसून टाक, असे तो म्हणाला. हा म्हणाला, बैल तर विसरला नाही ना.

माझ्यावरचे त्याचे उपकार सहावीत सुरू झाले. पाचवीपर्यंत आमची शाळा मराठी होती. सहावीला पलीकडच्या गावच्या तेलुगू शाळेत गेलो आणि मला एकदम बहिरे झाल्यासारखे वाटले. मास्तर बोलत, मुले हसत, मी मुले हसली की हसत असे. पहिल्या परीक्षेत सगळ्या विषयांत नापास झालो आणि आबांनी मला वांग्यांच्या वाफ्यावर लावायचे ठरवले. तेव्हा वहिनीचा भाऊ त्याच शाळेत दहावीला होता. त्याने गावभरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर माझी सगळी पुस्तके चित्रांत काढायला घेतली. चित्राखाली तेलुगू शब्द. चेट्टु म्हणजे झाड, तर झाड आमच्याच दारचे, कडुनिंबाचे, खाली आमचीच शेळी. इतिहासातल्या राजांना त्याने गावातल्या माणसांची तोंडे दिली, म्हणजे मला विसरता येऊ नयेत. आजही कुठल्याशा राजाने तळी बांधली असे वाचले की मला हातात वस्तरा घेतलेला आमचा न्हावी दिसतो. वर्षाच्या शेवटी मी पास झालो. तो नापास झाला. गणिताच्या पेपरात उत्तरे येईनात तेव्हा त्याने उत्तरपत्रिकेवर पहाऱ्यावरच्या मास्तरांचे चित्र काढले, तेही हुबेहूब, आणि खाली त्यांचे नाव लिहिले. मी पुढे शिकत गेलो ते या हिशेबावर. त्याचे दहावीचे वर्ष माझ्या सहावीत गेले, हे घरात कुणी कधी मोठ्याने म्हटले नाही. तोही म्हणाला नाही.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट घडली. शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी त्याचे एक चित्र जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवले. आठवडी बाजारातून डोक्यावर भाजीची टोपली घेऊन परतणाऱ्या बायका होत्या त्यात, पाठमोऱ्या, पण प्रत्येक बाई चालीवरून ओळखू यावी अशी. चित्राला पहिले बक्षीस मिळाले. समारंभाला सगळी शाळा नेली. मंचावर नाव पुकारले ते मात्र एका वजनदार घरच्या मुलाचे. तो चांगले कपडे घालून येईल, मंचावर घाबरणार नाही, असा विचार करून सरांनी चित्रामागे त्याचेच नाव लिहिले होते. आम्ही दोघे शेवटच्या रांगेच्या मागे उभे होतो. वहिनीच्या भावाने टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या तोंडाकडे बघून रडायला लागलो तर त्याने मला कोपराने ढोसले. परतताना बसमध्ये त्याने मला खिडकीपाशी बसवले. मग म्हणाला, "लहान्या, चित्र जरासं तिरपं टांगलं होतं. पाह्यलं काय तू?"

चित्र परत मिळाले नाही. त्यानंतर काही महिने त्याने काही काढले नाही, आणि जेव्हा पुन्हा हातात पेन्सिल घेतली तेव्हा चित्रे न काढता चिठ्ठ्या लिहू लागला. घरातल्या प्रत्येक वस्तूवर ती करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागली. रांजणावर कुंभाराचे नाव, बाजेवर ती विणणाऱ्याचे, आबांच्या जोड्यावरसुद्धा एक चिठ्ठी होती आणि आबा ती घेऊन भीमपूरपर्यंत जाऊन आले. आबा म्हणाले, पोराचे डोके फिरले.  वहिनीने आपल्या वाकळीवरची चिठ्ठी सुईदोऱ्याने पक्की शिवून टाकली.

यातूनच त्याची प्रदर्शने निघाली. आमच्या गावात कापूस मोजायच्या काट्याचे एक पत्र्याचे शेड आहे. उन्हाळ्यात ते रिकामे असते. त्याने ठरवले की गावातल्या प्रत्येक घराने हाताने केलेली एक वस्तू आणून तिथे मांडायची. घरोघर फिरून त्याने लोकांना पटवले आणि वस्तू नीट ओळीने लावून प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधली. पण शेडमध्ये घरगुती सामान ओळीने मांडलेले आणि त्यावर मालकांची नावे, हा देखावा आमच्या लोकांनी आजवर एकाच प्रसंगी पाहिला होता. सकाळी शेजारच्या गावातून दोन म्हातारे लगबगीने आले. त्यांनी एक पाट उलटा करून पाहिला आणि विचारले, "हर्रास किती वाजता हाये?" तासाभरात बातमी पसरली की वसुलीची जप्ती आली, सामानाचा लिलाव होणार आणि पाठराखा सरकारला सामील झाला. बायका धावत आल्या आणि आपापल्या वस्तू छातीशी धरून घरी घेऊन गेल्या. दुपारी शेडमध्ये नुसत्या चिठ्ठ्या उरल्या आणि मध्ये हा बसलेला. मी विचारले, आता काय. तो म्हणाला, आता लोकांना कळले तरी की आपल्या घरात नेण्याजोगे काही आहे.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने पुन्हा मांडले, आणि त्याच्या पुढच्याही. हळूहळू लोक स्वतःहून वस्तू आणू लागले. चिठ्ठीवर आता नावाशिवाय आणखी एक ओळ असे: वस्तू करताना घरात काय चालले होते. ही ओळ गावाला फार महागात पडली. सुमनबाईच्या वाकळीवर त्याने तिने सांगितले तसे लिहिले, 'तिसरी पोरगी झाली तेव्हा शिवली. सासू बोलत नव्हती.' सासू अजून जिवंत होती आणि तिला वाचून दाखवणारे पुष्कळ होते. ती काठी टेकत शेडमध्ये आली, वाकळीपुढे उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बोलत नव्हती मी. पण रोज डिंकाचा लाडू कोण ठेवत होतं उशाशी, थे लिव्ह." त्याने तिथेच बसून लिहिले. त्या दोघी त्या दिवशी एकत्र घरी गेल्या. बघता बघता शेड पुरेना. त्याला उटनूरच्या बाजूच्या रानातल्या गावांतून बोलावणी येऊ लागली. हा पिशवीत कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोऱ्याचे रीळ घेऊन बसने जाई, आठ-आठ दिवस राही, आणि येताना काहीही न आणता येई. आबांनी विचारले की यातून तुला काय मिळते, तर तो विचार करून म्हणाला, "मामाजी, लोक आपलं नाव दोनदा वाचतात. पहिल्यांदा वाचतात, मंग इकडंतिकडं पाह्यतात, मंग पुन्ना वाचतात." त्याची स्वतःची चित्रे मात्र त्याने एकदाही मांडली नाहीत. आम्हीही कधी आग्रह केला नाही. जो माणूस मागत नाही त्याला काही नको असते, असे समजणे फार सोयीचे असते.

आता माझ्याविषयी लिहायला हवे. मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. शहरातल्या एका संस्थेत नोकरी लागली. ग्रामीण कलांचे कार्यक्रम करणे हे तिचे काम. दोन वर्षांनी तिथे मोठे प्रदर्शन ठरले, पंखे आणि दिवे असलेल्या दिवाणखान्यासारख्या सभागृहात, बाहेरगावचे पाहुणे येणार असलेले. मी साहेबांना आमच्या गावच्या शेडविषयी सांगितले. ते खूष झाले. मी गावी जाऊन वहिनीच्या भावाला सांगितले, आणि त्याला इतका आनंद झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता. त्याने निवडून निवडून वस्तू दिल्या, प्रत्येकीची चिठ्ठी नवी लिहिली, सुवाच्य अक्षरात. वहिनीची वाकळ मात्र त्याने तिच्या शिवलेल्या चिठ्ठीसकट स्वतः घडी केली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी साहेबांनी सभागृहात फेरी मारली. चिठ्ठ्या त्यांना गबाळ्या वाटल्या. मराठीत आहेत, लांब आहेत, कुणाच्या सासूची भानगड कुणाला वाचायची आहे, असे ते म्हणाले. त्यांनी छापील पाट्या करून आणल्याच होत्या. त्यांवर वस्तूचा प्रकार, जिल्ह्याचे नाव आणि ठळक अक्षरात संस्थेचे नाव होते. चिठ्ठ्या काढायचे काम त्यांनी मला सांगितले. मी एकदा म्हणून पाहिले की नावे तरी राहू द्या. पाट्या छापून झाल्या आहेत, ते म्हणाले. मी दुसऱ्यांदा म्हटले नाही. कात्री घेऊन मी एकेक दोरा कापत गेलो आणि चिठ्ठ्या एका पिशवीत टाकत गेलो. वहिनीच्या वाकळीवरची चिठ्ठी शिवलेली होती, तिचे टाके मला उसवावे लागले.

दुसऱ्या दिवशी तो आला. सोबत वहिनी, सुमनबाई आणि गावच्या आणखी दोघी, ठेवणीतली लुगडी नेसून. वहिनी चौथी शिकलेली. ती वाकळीपाशी गेली, पाटी पाहिली, मागे वळून पाहिले, वाकळीचा कोपरा उचलून खाली पाहिले. मग माझ्याकडे आली आणि पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "भाऊजी, माहं नाव कुठी हाये?"

मी सांगितले की इथली पद्धत वेगळी असते. तिने मान हलवली. पद्धत म्हटले की आमच्या बायका मान हलवतात.  वहिनीचा भाऊ मात्र जाऊन वस्तूंच्या शेजारी उभा राहिला आणि जो कोणी येईल त्याला सांगू लागला, ही सुमनबाईनं शिवली, हे अमक्यानं कोरलं, तेव्हा घरात असं असं चाललं होतं. चिठ्ठ्या त्याला पाठ होत्या. पाहुण्यांना वाटले हा संस्थेने ठेवलेला माणूस. एकाने मान डोलावून ऐकले आणि रिकामा चहाचा कप त्याच्या हातात दिला. थोड्या वेळाने साहेबांनी मला बोलावून सांगितले की त्याला जरा बाहेर बसव. मी त्याच्याजवळ गेलो. माझे तोंड पाहूनच त्याला कळले. कप हळूच टेबलावर ठेवून तो म्हणाला, "साहेबाले माईत नव्हतं, लहान्या. तुले तं माईत होतं." मग त्याने बायकांना गोळा केले, चिठ्ठ्यांची पिशवी माझ्याकडून मागून घेतली आणि चौघींना घेऊन बस स्टँडची वाट धरली.

त्या आठवड्यात तो बेज्जूरकडे निघून गेला. नवरीसोबत चार दिवसांसाठी आलेला पाठराखा एकवीस वर्षांनी माहेरी परतला, अशी गावात थट्टा झाली. कुणी हसले नाही फारसे. या उन्हाळ्यात शेड रिकामेच राहिले. फोन केला तर तो उचलत नाही. गावी गेलो की वहिनी मला जेवायला वाढते, तब्येत विचारते, आणि माझ्याशी एक शब्दही वाकडा बोलत नाही. हे सहन करणे सर्वांत कठीण. शेवटी गेल्या आठवड्यात मी त्याला पत्र लिहिले. ते इथे देतो, कारण याहून वेगळे काही मला त्याच्याविषयी सांगता येणार नाही.

प्रिय भाऊ,

पत्र फाडणार असलास तर आधी वाच, मग फाड. माझी बाजू मांडायला लिहीत नाही. मला बाजू नाही.

सभागृहातलं सामान तीन महिन्यांनी परत मिळालं. सगळं एकाच पोत्यात कोंबलेलं होतं. रजा काढून मी ते गावी नेलं आणि घरोघर जाऊन परत दिलं. प्रत्येक ठिकाणी सांगितलं की चिठ्ठ्या मी कापल्या. कुणी रागावलं नाही. सुमनबाईनं चहा केला. तिची सासू म्हणाली, नोकरी म्हटलं की असं करावं लागते बापा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनीची वाकळ मी स्वतः तिच्या हातात दिली नाही, दादाकडे दिली. एवढीही हिंमत झाली नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

बहुतेक वस्तू लोकांनी लगेच ओळखल्या. एक शिंकं मात्र उरलं आहे. अंबाडीच्या दोराचं, खाली सात गाठींचं फूल असलेलं. मी ते घेऊन सगळं गाव फिरलो. दत्तूकाका म्हणाले, माझं नाही, इतकं चांगलं मला कुठे येतं, ते पलीकडच्या गंगारामचं असेल. गंगारामबुवा म्हणाले, हा हात दत्तूचा आहे. खालच्या आळीतली एक म्हातारी गेल्या महिन्यात वारली, तिचंही असेल असं काहीजण म्हणतात. तिच्या सुनेला सांगता येत नाही. मी ते नीट पाहिलं. कुठेही काही खूण नाही.

तू परत ये, असं लिहायचा मला हक्क नाही. फोन उचल असंही म्हणत नाही. शिंकं माझ्या खोलीत खुंटीला लावलं आहे, त्यात काही ठेवत नाही. ते कुणी केलं आणि तेव्हा घरात काय चाललं होतं, हे आता जगात तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

मला काही लिहू नकोस. फक्त ते नाव लिहून पाठव.